मजनू का टीलात तिबेटी-नेपाळी जेवण शोधायचं तर

दिल्लीत मुखर्जी नगरला यूपीएससीच्या अभ्यासाला आलेली मराठी पोरं पहिल्या महिन्यातच मजनू का टीला या तिबेटी वस्तीत जाऊन येतात. रविवारी संध्याकाळी घोळक्याने निघायचं, नाव ऐकलेल्या एखाद्या कॅफेबाहेर नंबर लावायचा, केक, कोल्ड कॉफी, एक प्लेट चिकन मोमो, गल्लीत चार फोटो, की झाली फेरी. मग रूमवर येऊन सांगतात, तिबेटी खाणं काही खास नाही, मोमो तर आपल्या कोपऱ्यावरही मिळतात. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. त्यांनी तिबेटी खाणं खाल्लेलंच नसतं, आणि नेपाळी ताट तर शेजारच्या टेबलावर वाढलेलं असलं तरी त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. या वस्तीत काय खावं, हे विचारण्याआधी किती वाजता जावं, हे विचारा. चांगलं जेवण इथे लपवून ठेवलेलं नाही, ते फक्त आपापल्या वेळेला येतं आणि वेळ संपली की जातं. रविवारी संध्याकाळी सहाला गेलात तर रविवारी संध्याकाळी सहाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी जे मांडलेलं असतं, तेच मिळणार. वस्तीतली माणसं जेव्हा खातात तेव्हा तिथे असायला हवं.

मी अर्जुनी मोरगावची. आमच्या जवळ गोठणगावला नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, १९७२ साली वसलेली, महाराष्ट्रातली एकमेव. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, १९९९ पासून गोंदियात आहे. पण तिबेटी लोक अजूनही तिला भंडाराच म्हणतात. बाजारात चुबा, म्हणजे तिबेटी पायघोळ वस्त्र, नेसलेल्या बायका भाजी घेताना दिसणं आणि दिवाळीनंतर त्यांच्या घरची माणसं स्वेटर विकायला शहरांकडे जाणं, हे आमच्यासाठी रोजचंच होतं. दिल्लीत आल्यावर ओळखीचं म्हणून मी जिथे गेले ती जागा मजनू का टीला. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आमा-लांना मी भंडाऱ्याकडची आहे म्हटलं की त्या लगेच तिथे कुणाकुणाचे नातेवाईक आहेत ते सांगायला लागतात. विदर्भातल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं, बोलणं सुरू करायला याहून चांगली ओळख नाही.

आधी पोचायचं कसं ते. मेट्रोच्या यलो लाइनवर विधानसभा स्टेशनला उतरा आणि ई-रिक्षा घ्या. कश्मीरी गेटच्या बस अड्ड्यावरूनही ही जागा जवळच आहे. रिक्षा बहुतेक वेळा रिंग रोडच्या अलीकडच्या बाजूला सोडते. तो रस्ता पायी ओलांडायचा विचारही करू नका, पादचारी पूल आहे, त्यावरून जा. पुलाच्या कठड्याला रंगीत प्रार्थनापताका बांधलेल्या दिसतील. कागदोपत्री या वसाहतीचं नाव न्यू अरुणा नगर, तिबेटी लोकांचं नाव सम्येलिंग. दलाई लामा १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासा सोडून भारतात आले, त्यानंतरच्या दशकात ही वस्ती इथे उभी राहिली. मजनू हे नाव मात्र फार जुनं, गुरू नानकांच्या काळातल्या एका फकिराचं. त्याच्या नावाचा गुरुद्वारा शेजारीच आहे, शीख सरदार बघेलसिंगांनी १७८३ मध्ये बांधलेला. रिक्षावाल्याला नुसतं मजनू का टीला म्हटलं तर तो गुरुद्वाऱ्यापाशी उतरवील. ‘तिबेटी कॉलनी’ असं सांगा.

एक मोठी गल्ली, तिला फुटणाऱ्या हातभर रुंदीच्या बोळी, आणि मधोमध मठाचा चौक, एवढाच नकाशा. मठाच्या चौकापर्यंत आलात की दिशा कळते, कारण सगळ्या बोळी शेवटी तिकडेच येतात. मागच्या बाजूला यमुना आहे. ही नदी म्हणजे नुसता देखावा नव्हे. जुलै २०२३ मध्ये पाण्याची पातळी २०८.६६ मीटरपर्यंत चढली होती तेव्हा ही वस्तीही पाण्यात गेली होती. पावसाळ्यात यमुना फुगल्याच्या बातम्या असतील तर त्या आठवड्यात जाऊ नका. लोक आपलं सामान वर चढवत असतात, अशा वेळी पाहुणा म्हणून मध्ये लुडबुड करणं बरं नाही.

आता सकाळ. सकाळी लवकर गेलात तर बोळींच्या तोंडाशी बायका छोट्या टेबलावर जाड, गोल रोट्या कापडाखाली झाकून बसलेल्या दिसतील. ही त्यांची घरगुती रोटी, मैद्याची किंवा गव्हाची, वरून खरपूस आणि आत जाळीदार. एक घ्या, आणि ती घेऊन जवळच्या लहानशा खानावळीत बसून पो-चा मागवा. पो-चा म्हणजे लोण्याचा खारा चहा. विटेसारखा दाबलेला चहा बराच वेळ उकळून काळा अर्क काढतात, त्यात मीठ आणि लोणी घालून घुसळतात. पूर्वी त्यासाठी लाकडाची उभी नळीसारखी रवी असे, तिला दोंगमो म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी मिक्सर. गोड चहाची अपेक्षा मनातून काढून टाका, गरम असतानाच थोडा थोडा प्या आणि रोटीचा तुकडा त्यात बुडवा. थंड झाला की लोणी वर येतं आणि मग तो घशाखाली उतरत नाही. थंडीच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात हा चहा का लागतो, ते एका कपात कळतं.

त्सांपा मागून बघा. भाजलेल्या सातूचं हे पीठ वाटीत थोड्या चहाबरोबर घेऊन बोटांनी मळायचं आणि मुटका करून खायचा. हॉटेलांत तो सहसा मेन्यूवर नसतो, पण घरी सगळ्यांकडे असतो. तुम्ही म्हाताऱ्या माणसांच्या टेबलाशेजारी बसला असाल तर त्यांच्याकडे बघून मळायला शिका. ते आनंदाने दाखवतात.

दहा-अकराच्या सुमाराला नेपाळी जेवणाची वेळ होते, आणि हीच वेळ सगळे चुकवतात. नेपाळी माणसाचं रीतीचं जेवण दोनदा, सकाळी दहाच्या आसपास आणि संध्याकाळी. दोन्ही वेळा डाळ-भात-तरकारी, आणि मधल्या वेळेला खाजा, म्हणजे मोमो, चाऊमीन, चिउरा (पोहे) वगैरे. भारत-नेपाळ सीमेवरून ये-जा मोकळी आहे, १९५० च्या तहापासून तशीच चालत आली आहे. दिल्लीतल्या असंख्य हॉटेलांच्या भट्टीमागे नेपाळी हात आहेत आणि मजनू का टीलाही त्याला अपवाद नाही. दुपारची गर्दी सुरू होण्याआधी ही माणसं स्वतः जेवून घेतात. ती कुठे जेवतात ते बघा, तुमचं नेपाळी जेवण तिथे आहे.

आपल्याला इथे एक मोठा फायदा आहे. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे भिंतीवर चिकटवलेला कागद आपण वाचू शकतो. ‘खाना’, ‘खाजा’, ‘पाइन्छ’ हे शब्द दिसले की थांबा. पाइन्छ म्हणजे मिळतं. तिबेटी अक्षरांच्या पाटीखालीही कधी कधी असा कागद असतो. दिसला नाही तर वाढणाऱ्या पोराला विचारा, “भाइ, दाल-भात मिलेगा?” वयाने मोठ्या बाईला दिदी म्हणा, पुरुषाला दाइ. तिबेटी बाईला आचा-ला, पुरुषाला चो-ला, म्हाताऱ्यांना आमा-ला आणि पा-ला. शेवटचा ‘ला’ आदराचा आहे, तो गाळू नका.

ताटात पांढरा भात, डाळ, एक-दोन भाज्या, पालेभाजी आणि अचार येतो. भात, डाळ, भाजी पुन्हा वाढायला ते येतात, तसा तिथला रिवाज आहे. मटण किंवा चिकन मात्र एकदाच. गुंद्रुक असेल तर सोडू नका. मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला आंबवून, मग उन्हात वाळवून ठेवतात. त्याचं पातळसर, आंबट कालवण भातावर घेतलं की बाकी कशाची गरज राहत नाही. आलू-तामा म्हणजे बटाटा, चवळी आणि आंबवलेले बांबूचे कोंब. त्याचा वास पहिल्यांदा नाकाला झोंबतो, पण दोन घास जाऊ द्या. गडचिरोली-गोंदियाकडे वास्ते खाल्लेल्या माणसाला तेवढाही वेळ लागणार नाही.

याच अचारात एक चव तुम्हाला ओळखीची वाटेल, विशेषतः कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना. जीभ किंचित बधिर करणारी, लिंबाच्या सालीसारख्या वासाची. ते टिमूर. आपल्या तिरफळाच्या कुळातलंच झाड, फक्त हिमालयातलं. बांगड्याच्या आमटीत तिरफळ खाऊन मोठे झालेले लोक टिमूरच्या अचाराला पहिल्या घासातच आपलं म्हणतात, हे मी माझ्या मालवणच्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं आहे.

मोमोचं सांगायचं तर, कुणाचे मोमो खातो आहोत हे चटणीवरून ओळखा. नेपाळी मोमोबरोबर येतो तो अचार टोमॅटोचा, भाजलेल्या तिळाचा, टिमूर घातलेला, पातळसर. सारणातही आलं-लसूण, जिरं-धण्याची पूड, कोथिंबीर असते. मोमो अचारासारख्याच पातळ रश्श्यात बुडवून वाडग्यात दिले तर ते झोल मोमो. एका बाजूने तव्यावर खरपूस भाजले तर कोथे. तिबेटी मोमोचं सारण साधं, मांस, कांदा, मीठ आणि मांसाचा स्वतःचा रस, बस. म्हणून तो पहिल्यांदा टोकाकडून थोडा चावून रस ओढून घ्यायचा आणि मग खायचा. त्याच्या शेजारी सेपेन असते, लाल मिरची, लसूण, टोमॅटो आणि कोथिंबिरीची, आणि तिखटपणात ती कुणाचं ऐकत नाही. कोपऱ्यावरच्या गाडीवरची लाल चटणी आणि मेयोनीज यांचा या दोन्हींशी संबंध नाही. बटाट्याच्या सारणाचे शोगो मोमोही मागा. शाकाहारी नसाल तरी मागा, ते चांगले असतात.

दुपारी एकच्या सुमाराला थुक्पाची वेळ. मेन्यूवर चार-पाच नावं दिसतील, त्यातलं थेंथुक निवडा. नुसता थुक्पा म्हणजे शेवयांचं सूप, ते बहुतेक ठिकाणी बरं मिळतं. थेंथुक मात्र मागणी आल्यावर हाताने करावं लागतं, त्यामुळे तिथलं स्वयंपाकघर कसं आहे ते त्यावरून कळतं. संधी मिळाली तर भटारखान्याच्या दारातून बघा. करणारी बाई मळलेल्या कणकेची लांब पट्टी मनगटावर टाकते, अंगठ्याने ती चपटी करत पुढे सरकवते आणि उकळत्या रश्श्यावर धरून बोटभर तुकडे खुडून टाकत जाते. हात थांबत नाही, तुकडा एकासारखा एक पडतो, आणि बोलणं मागे वळून दुसऱ्याच कुणाशी तरी चालू असतं. रश्श्यात मुळा, पालक, टोमॅटो, हवं तर मटण. आलेला वाडगा आधी काहीही न घालता चाखा. मग सेपेन, तीही अर्धा चमचा. थेंथुक मागितल्यावर पाच मिनिटांत टेबलावर आलं तर तुकडे आधीच करून ठेवलेले होते असं समजा आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जा. ताज्याला वाट बघावी लागतेच.

भूक मोठी असेल तर टिंगमो आणि शाप्ता. टिंगमो म्हणजे यीस्ट घातलेल्या पिठाची, तेलाचा हात फिरवून गुंडाळलेली आणि वाफवलेली पदरांची रोटी. ती हाताने उलगडायची आणि शाप्ताच्या रसात बुडवायची. शाप्ता हे पातळ कापलेलं मांस, कांदा आणि मिरचीबरोबर मोठ्या आचेवर परतलेलं. शाकाहारी असाल तर शाप्ताऐवजी फिंग घ्या. मुगाच्या स्टार्चच्या काचेसारख्या शेवया, बटाटा आणि काळे मशरूम, रसदार. टिंगमो नुसती खाऊ नका, आणि थुक्पाबरोबरही मागवू नका, दोन्ही पोट भरणारे पदार्थ आहेत, एक वाया जातो. शाबाले म्हणजे मांस भरून तळलेली करंजीच्या आकाराची रोटी, ती गरम असेल तरच घ्यावी. ग्युमा हे रक्त आणि मांस भरलेलं सॉसेज, आवडणाऱ्यांना फार आवडतं.

नावानिशी विचारणाऱ्यांसाठी, पहिल्यांदा जाणाऱ्याने टी-डी किंवा डोल्मा हाऊस यांपैकी एका ठिकाणी बसावं. दोन्ही जुनी नावं आहेत, मेन्यू मोठा आहे आणि सगळी नावं एकदा समोर दिसतात. आमा कॅफे छान आहे, पण तो कॅफे आहे, तिथे केक-कॉफीसाठी जावं. बुसान कोरियन जेवणाचं आहे. कोरियन खाणं या गल्लीत आता इतकं रुजलं आहे की पाट्या वाचत गेलात तर तिबेटी जेवण राहून जाईल, म्हणून आधीच ठरवून जा. दुसऱ्या खेपेपासून मात्र नावं विसरून जा आणि बिनपाटीच्या, चार टेबलांच्या खोल्या शोधा. जपमाळ हातात घेतलेली म्हातारी माणसं आणि लोण्याच्या चहाचा थर्मास जिथे दिसेल तिथे आत शिरा.

तीन ते पाच हा लाफिंगचा काळ. मठाच्या चौकाच्या आसपास आणि बोळींत बायका स्टुलावर बसून लाफिंग विकतात, भोवती कॉलेजची तिबेटी पोरं उभी असतात. हा पदार्थ मूळचा सिचुआनचा, ल्हासामार्गे निर्वासितांबरोबर इथे आला. पांढरं लाफिंग मुगाच्या स्टार्चचं, थरथरणारं. पिवळं मैद्याचं, आणि ते कसं होतं हे मराठी घरात सांगायला सोपं आहे. कुरडईसाठी आपण गव्हाचा चीक काढतो तसाच मळलेला मैदा पाण्यात धुऊन त्याचा चीक काढतात, तो खाली बसला की वरचं पाणी ओततात आणि ताटात पातळ पसरून वाफवतात. आपण जो चोथा टाकून देतो तो मात्र ते टाकत नाहीत. धुऊन उरलेला चिवट गोळा वाफवून त्याचे स्पंजासारखे तुकडे करतात, आणि तेच लाफिंगमध्ये भरतात.

विकणारीच्या हाताकडे बघत राहावं. एक पातळ, चकचकीत चादर उचलून ती पाटावर पसरते, त्यावर मिरचीचं लाल तेल चमच्याच्या पाठीने फिरवते, लसणाचं पाणी, सोया, थोडं व्हिनेगर, मग ते स्पंजाचे तुकडे, आवडत असेल तर चुरलेल्या वाय-वाय नूडल्स. मग गुंडाळी करून सुरीने बोटभर काप. तुम्हाला विचारेल, सूखा की सूपवाला. पहिल्यांदा सूखा घ्या. तिखट कमी हवं असेल तर तेल फिरवण्याच्या आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. आणि शेजारच्या माणसाच्या प्लेटचा रंग बघून आपलं तिखट ठरवू नका, ती पोरं रोज खातात. बहुतेक ठिकाणी अजिनोमोटोही पडतो. नको असेल तर तेही सुरुवातीलाच सांगा.

संध्याकाळी धरमशाला-मॅक्लोडगंजच्या बसगाड्या इथून सुटतात, तेव्हा वस्ती वेगळीच दिसते. बॅगा, भिक्खू, लहान मुलं, निरोप, आणि प्रवासाआधी पटकन पोट भरणारे लोक. कॅफेच्या रांगा याच वेळी लांबलेल्या असतात, पण बसकडे जाणारा माणूस रांगेत उभा राहत नाही. तो जिथे बसून घाईने थुक्पा संपवतो ती जागा लक्षात ठेवा.

शाकाहारी लोकांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो प्रश्न खरा आहे. ‘व्हेज थुक्पा’ लिहिलेलं असलं तरी रस्सा हाडांचा असू शकतो. “सूप में मीट का पानी तो नहीं?” असं स्पष्ट विचारा, कुणी रागवत नाही. मोमोच्या एकावर एक थरांच्या भांड्यात खालच्या थरात चिकन आणि वर भाजीचे मोमो असं होऊ शकतं, चालत नसेल तर तेही विचारा. बीफ लिहिलेलं दिसलं तर दिल्लीत गोवंशहत्येला बंदी आहे, त्यामुळे ते सहसा म्हशीचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी ‘बफ’ असंच लिहितात. डुकराचं मांसही सर्रास असतं. शाकाहारी माणसाने शक्यतो बुधवार धरावा. बुधवारी पुष्कळ तिबेटी ल्हाकार पाळतात, चुबा नेसतात, आपली भाषा बोलतात, आणि त्यातले काही जण त्या दिवशी मांस खात नाहीत. मे-जूनच्या सुमाराला येणारा सागा दावा हा तर बुद्धाच्या जन्माचा, ज्ञानप्राप्तीचा आणि महापरिनिर्वाणाचा महिना. त्या महिन्यात अनेक घरांत मांस वर्ज्य असतं, आणि बिनमांसाचे पदार्थ मनापासून केलेले मिळतात.

चौकातल्या मठात जाताना चपला बाहेर, प्रार्थनाचक्रं उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा, आणि जप करत बसलेल्या माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत. खाण्याच्या जागीही तेच. ही माणसं आपलं गाव सोडून आलेली आहेत, काही तर दोनदा-तीनदा, आणि त्यांची गल्ली आपल्या फोनसाठी मांडलेली नाही. जेवण आवडलं तर ‘थुकजेछे’ म्हणा, नेपाळी दिदीला ‘मिठो छ’ म्हणा.

परत निघताना किराण्याच्या दुकानात शिरा. धाग्यात ओवलेले दगडासारखे कडक छुर्पीचे, म्हणजे वाळवलेल्या चीजचे, तुकडे मिळतात. ते चावायचे नसतात, तोंडात ठेवायचे, ट्रेनच्या प्रवासात तास-दोन तास पुरतात. त्सांपाची पिशवी, फिंगच्या वाळक्या लडी, आणि टिमूर मिळालं तर थोडंसंच घ्या, ते जुनं झालं की वास जातो.

मजनू का टीलात नेपाळी जेवणाची बाजू तिबेटीपेक्षा लहान आहे, हे मान्य करायला हवं. त्यावर मन बसलं तर दक्षिण दिल्लीत सफदरजंग एन्क्लेव्हला लागून असलेल्या हुमायूंपूरला जा. तिथे ईशान्य भारतातल्या माणसांची वस्ती मोठी, आणि त्यांच्या जेवणाच्या बरोबरीने नेपाळी खाजाही मिळतो. कश्मीरी गेटजवळची मोनेस्ट्री मार्केट ही कपड्यांची तिबेटी बाजारपेठ, पण आतल्या बाजूला दुकानदार स्वतः जिथे दुपारचं जेवतात त्या खोल्या बघा.

कधी जाऊ नये तेही सांगते. १० मार्चला, १९५९ च्या उठावाच्या स्मरणदिनी, दुकानं बंद असतात, आणि त्या दिवशी लोकांच्या मनात दुसरंच असतं. ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस असतो. तो दिवस आनंदाचा, पण धंद्याचा नव्हे. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला लोसर, म्हणजे तिबेटी नवं वर्ष, येतो, तेव्हा पहिले काही दिवस सगळी वस्ती आपापल्या घरी असते. लोसरच्या आदल्या आठवड्यात मात्र जरूर जा. खाप्से, म्हणजे लोसरसाठी तळलेल्या, पीळ घातलेल्या पुऱ्या, जागोजागी रचलेल्या असतात, काही गाढवाच्या कानासारख्या लांबट, काही फुलासारख्या. अर्धा किलो घ्या आणि पिशवीत दाबू नका, फार लवकर मोडतात. डब्यात घट्ट झाकून ठेवल्या तर बरेच दिवस टिकतात.